नाइस म्हणजे येडा! एटिमऑनलाइन साइटचा रिव्ह्यू

कुणाचा फोटो असो नाहीतर नवा फ्लॅट, आपण खाली 'नाइस' टाकून मोकळे होतो, पण हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा, म्हणजे 1300 च्या आसपास, एखाद्याला नाइस म्हणणं म्हणजे सरळसरळ बिनडोक म्हणणं होतं. अशी मजा वाचायची असेल तर एटिमऑनलाइन उघडा. पेन्सिल्व्हेनियाच्या डग्लस हार्पर यांनी उभी केलेली ही इंग्रजी शब्दांच्या उगमाची डिक्शनरी, फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, जाहिराती मात्र दिसतात.

नाइसचंच पान बघा. मूळ लॅटिन नेस्कियस, त्यात 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं, म्हणजे ज्याला काही कळत नाही तो, जुन्या फ्रेंचमधे त्याचा झाला बावळट, मग इंग्रजीत येऊन भित्रा, नाकं मुरडणारा, नाजूक, 1500 नंतर काटेकोर, आणि आपला 'छान' थेट 1769 मधे उगवतो, प्रेमळ स्वभावाचा हा अर्थ तर त्याहून उशिरा, 1830 ला. मधला काटेकोर अजून जिवंत आहे बरं का, 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक फरक, छान फरक नव्हे. हे साल म्हणजे लेखी पुरावा सापडला ते साल, लोकांच्या तोंडात शब्द आधीपासून असू शकतो.

खरी चैन पुढे आहे. स्कीरेवर क्लिक केलं की सायन्स निघतो, अजून मागे गेलं की कापणे, वेगळं करणे या अर्थाचा धातू, आणि त्याच्या भावंडांत संस्कृत छिनत्ति, म्हणजे आपला छेद! जाणणं म्हणजे एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढणं, असा तो धागा. (त्याच खानदानात शौचाशी संबंधित एक इंग्रजी शिवीपण आहे, स्वतःच शोधा.) धातूच्या आधी छोटी चांदणी असते, तिचा अर्थ हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी मांडलेलं आहे, ती चांदणी न बघता व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड मारू नका प्लीज.

खटकतं ते सांगतो. शॉर्टफॉर्म फार, पीआयई (PIE) वाचून नवख्याला बेकरीतला खायचा 'पाय' वाटेल, तो आहे प्रोटो इंडो युरोपियन, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी वगैरेंची अभ्यासकांनी मांडलेली मूळ भाषा. जुनी उदाहरणवाक्यं ओळीने हवी असतील तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरीच लागते आणि तिला पैसे मोजावे लागतात. आजचा अर्थ शोधायलाही इथे येऊ नका, ही व्याख्यांची डिक्शनरी नाही हे साइट स्वतःच सांगते. कुणी वैतागून 'नाइस...' म्हणतो त्याचं काय, ते इथे मिळेलच असं नाही.

शाळेत इंग्रजी शिकवत असाल तर उद्याच मुलांना मंगूस शोधायला लावा, तिथे मराठीचं नाव आहे, आपल्या मुंगसाचं, आणि गूस या हंसासारख्या पक्ष्याशी त्याचा काही संबंध नाही म्हणून अनेकवचन गूसच्या गीससारखं मंगीस नाही, मंगूसेस.