दोन हजारांच्या आतले इअरबड्स: रबरवाले की बिनरबराचे?

मामेभावाला मुंबईत नोकरी लागली, पण बिऱ्हाड नाशकातच ठेवायचं ठरलंय. आठवड्यातून तीन दिवस पंचवटी एक्सप्रेसने जाऊन-येऊन करणार. पासाचं, डब्याचं काही विचारायच्या आधी त्याने विचारलं, "दादा, दोन हजारांत बड्स कोणते घेऊ?"

आमच्या घरात दोन जोड्या आहेत. माझी काळी: कानात आत जाणारी, रबराची टोकं असलेली, नॉईज कॅन्सलेशनवाली, १,७९९ रुपयांना पडलेली. धाकट्या बहिणीची पांढरी: दांडीवाली, बिनरबराची, कानाच्या तोंडाशी नुसती टेकणारी, १,१९९ ची. गेले चार महिने आम्ही त्या आलटून-पालटून (आणि पुसून) वापरतोय. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. या किमतीतलं मॉडेल बघता बघता बाजारातून जातं आणि त्याच जागी नव्या नावाचं येतं. रबर हवं की नको, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आधी खोक्यावरच्या अक्षरांचं बघू, कारण फसगत तिथेच होते. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मी "नॉईज कॅन्सलेशन आहे का?" असं विचारलं, तर पोराने खोक्यावरच्या 'ईएनसी'वर बोट ठेवलं आणि "आहे ना सर" म्हणाला. ईएनसी असतं माइकसाठी. तुमच्या भोवतीचा गोंगाट फोनवरच्या पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या स्वतःच्या कानातला गोंगाट कमी करतं ते 'एएनसी'. पांढऱ्या जोडीच्या खोक्यावर ईएनसी ठळक छापलंय, एएनसी नाही. असतं तरी मी त्यासाठी जादा पैसे दिले नसते. रबर नसलं की बाहेरचा आवाज फटीतून सरळ आत येतो, मग यंत्राने किती झटापट करायची?

तसंच 'चाळीस तास बॅटरी'चं. त्यात डबीतून पुन्हापुन्हा भरलेलं चार्जिंगही धरलेलं असतं. एका दमात माझी काळी एएनसी लावून पाचएक तास जाते, पांढरी सहाच्या आसपास. मुंबईला जाताना दोन्ही निभावतात. ऑफिसात डबीत ठेवायला विसरलात तर परतीला कसाऱ्याच्या अलीकडेच 'बॅटरी लो' ऐकू येतं.

रेल्वेत मात्र सामना एकतर्फी आहे. एएनसी बाहेरच्या माइकने आवाज टिपतं आणि त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडतं. हे जमतं ते खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजांना: चाकांची घरघर, पंखा, एसी. इगतपुरी सोडली आणि गाडी घाटातल्या बोगद्यांत शिरली की उघड्या खिडकीतून जो घोंघाट अंगावर येतो, तो काळ्या जोडीत एकदम खाली बसतो. समोरच्या बाकांवरचा पत्त्यांचा डाव आणि "चाय, चाय" मात्र ऐकू येतंच. माणसांचे आवाज जे थोडे दबतात, ते रबरामुळे. पांढरी घालून त्याच बोगद्यात मी पॉडकास्ट ऐकायला गेलो, तर आवाजाची पट्टी जवळजवळ टोकाला नेली तेव्हा कुठे शब्द कळले. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलच्या आत, असा आहे. मामेभावाचे तीन दिवसांचे प्रवासाचेच वीसेक तास होतात. टोकाला नेलेल्या आवाजात ते काढायचे म्हणजे कानाशी वैर. आणि बोगद्यात गाणं तुटलं तर बड्सना शिव्या देऊ नका, तिथे मोबाइलला रेंज नसते. आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायचं.

बासचा, म्हणजे खालच्या पट्टीतल्या दणक्याचाही, निकाल रबरच लावतं. पांढरीत १३ मिमीचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर आहे, काळीत १० चा. आकडे वाचून वाटेल पांढरी दणदणीत वाजेल. प्रत्यक्षात उलटं. बास कानात कोंडला तरच जाणवतो, फट राहिली की गळून जातो. ती गळती भरून काढायलाच बिनरबराच्या जोडीत मोठा ड्रायव्हर घालतात. ढोलाची रेकॉर्डिंग लावून बघा, काळीत टिपरू कुठे आणि थाप कुठे ते वेगळं कळतं. पांढरीत टिपरू छान, थाप पुठ्ठ्यावर पडल्यासारखी. बोलण्याचे कार्यक्रम, बातम्या, जुनी भावगीतं यांना मात्र पांढरी उजवी वाटली. आवाज मोकळा येतो, कान भरल्यासारखा होत नाही.

पण हे सगळं रबर नीट बसलं तर. डबीसोबत तीन मापं येतात आणि बहुतेक लोक मधलं लावलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात. दोन्ही कानांचं माप सारखंच असतं असंही नाही. माझ्या डाव्या कानाला लहान लागतं. बसलंय का ते बघायची सोपी युक्ती म्हणजे बड्स घालून एक लांब ओंकार म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसलं. नेहमीसारखाच ऐकू आला तर माप बदला.

हाच घुमारा रस्त्यावर नको होतो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर काळी घालून चाललो की प्रत्येक पावलाचा धप्प आवाज कवटीत येतो. एकदा मिसळ खाताना काढायची राहिली, तर फरसाण चावल्याचा आवाज गाण्यापेक्षा मोठा. कॉलेज रोड ओलांडताना मागून येणारी रिक्षा ऐकू आलीच पाहिजे, तिथे पांढरी हवी. काळीत बाहेरचा आवाज आत घेणारा ट्रान्सपरन्सी मोड आहे, पण वारा सुटला की नुसता फरफराट ऐकू येतो. दुचाकी चालवताना दोन्ही डबीतच.

कॉलला दोघी जवळजवळ सारख्याच, म्हणजे बेताच्या. माइक सुरू झाला की ब्लूटूथ संगीताची चांगली वाट सोडून बोलण्याच्या अरुंद वाटेवर येतं. म्हणून ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे टिनच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. दांडी तोंडाकडे असल्याने पांढरीचा माइक थोडा बरा. द्वारका चौकात उभं राहून बोलायचं असेल तर फोनच कानाला लावा.

पाण्याचं थोडक्यात. पांढरीवर आयपीएक्स४, म्हणजे शिंतोडे चालतील, आणि धुळीची चाचणी केल्याचा दावा नाही. काळीवर आयपी५५, म्हणजे धुळीपासूनही बऱ्यापैकी संरक्षण. हे रेटिंग बड्सचं असतं, डबीचं नसतं. ओले बड्स पुसल्याशिवाय डबीत टाकू नका.

थंडीत एक गंमत लक्षात आली. डिसेंबरात सकाळी कानटोपी ओढली की दोन्ही जोड्यांची टच बटणं आपोआप दाबली जातात. गाणं थांबतं, पुढचं लागतं, एकदा तर फोनच लागला. घेताना अॅपमधून टच बंद करता येतो का, ते जरूर विचारा. काळीत येतो, पांढरीला अॅपच नाही.

एका बाजूचा आवाज बारीक झाला की लोक "गेला" म्हणून दुरुस्तीला धावतात. आधी जाळी बघा. बहुतेकदा मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झटकायचं. पिन घालायची नाही. खरी मरते ती बॅटरी. एवढ्याशा बडमध्ये ती शेंगदाण्याएवढी, आणि सहसा बदलून मिळत नाही. दोन वर्षं निघाली तर पैसे वसूल समजायचे.

मामेभावाला मी काळीच्या जातीची घ्यायला सांगितली. रोज गाडीने जाणाऱ्या कुणालाही तेच सांगेन, सहाशे रुपये जास्त गेले तरी. ज्याचं ऐकणं घरात, ऑफिसात आणि फिरताना आहे, किंवा ज्याला कानात रबर गेलं की खाज सुटते, त्याने पांढरीच्या जातीची घ्यावी, एएनसीच्या मोहात पडू नये.

बहिणीला मात्र काही सांगून उपयोग नाही. गेल्या महिन्यात गंगापूर रोडवर स्कार्फ सोडताना तिचा उजवा बड उडाला आणि गटाराच्या जाळीतून आत गेला. आम्ही दोघं मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघत होतो, तर तो खाली चिखलात लुकलुकत होता, बहुधा फोन शोधत. ती उठली, हात झटकले आणि घरी येऊन तीच पांढरी पुन्हा मागवली.