हनुवटीवरच्या केसांसाठी लेझर: वर्षभराचा माझा अनुभव (सावळा रंग + पीसीओडी)

लेझर सुरू करून वर्ष होत आलंय म्हणून आता सविस्तर लिहितेय, कारण मी माहिती शोधत होते तेव्हा सावळ्या रंगाच्या आणि पीसीओडी (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा त्रास) असलेल्या मुलीने मराठीत लिहिलेलं मला काहीच सापडलं नव्हतं.

आधी रिझल्ट सांगते. हनुवटी आणि गळ्यावरचे जाड काळे केस खूपच कमी झालेत, पूर्वी एक दिवसाआड प्लकर हातात घ्यावा लागायचा, आता दोन-तीन आठवडे बघावंही लागत नाही. पूर्ण गेलेत का, तर नाही, अधूनमधून येतात पण बारीक आणि फिकट. आणि कोणी ‘कायमचे घालवून देतो’ अशी गॅरंटी देत असेल ना तर तिथून सरळ उठून या, अमेरिकेची एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सुद्धा ‘केस कायमचे कमी होतात’ एवढंच म्हणू देते, सगळे निघून जातात असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मशीन. लेझर केसातल्या काळ्या रंगावर म्हणजे मेलॅनिनवर काम करतं, तिथे उष्णता तयार होते आणि मुळाला इजा होते. पण मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं, सावळ्या त्वचेत जास्तच, मग चुकीचं मशीन किंवा चुकीचं सेटिंग असलं की त्वचाच भाजते आणि काळे डाग पडतात ते महिनोन् महिने हटत नाहीत. ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या रंगाला चालतं, ८१० च्या आसपासचं डायोड गव्हाळ रंगाला नीट सेटिंग करून चालतं, आणि १०६४ चं एनडी-याग खोल जातं, वरच्या त्वचेत कमी शोषलं जातं, म्हणून सावळ्या-काळ्या रंगाला तेच सगळ्यात सेफ. मी आधी एका ठिकाणी चौकशीला गेले होते, तिथल्या ताईंना कुठलं मशीन आहे हे सांगताच येईना, पण पॅकेज, ईएमआय, आजच बुक केलं तर डिस्काउंट, हे मात्र पाठ होतं. मी तिथे एक रुपयासुद्धा भरला नाही. मग स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पॅच टेस्ट घेतली (म्हणजे आधी छोट्याशा जागेवर मारून बघितलं) आणि एनडी-याग वापरलं.

त्यांनी आधी सोनोग्राफी आणि हार्मोनच्या टेस्ट करायला लावल्या. हे प्लीज टाळू नका, कारण आतून हार्मोन्सचा धक्का चालूच असेल तर नवे केस येतच राहतात आणि लेझरचे पैसे पाण्यात. शिवाय चेहऱ्यावर आणि मानेवर कधीकधी उलटंच होतं, लेझरच्या आजूबाजूची बारीक लव जाड व्हायला लागते, आणि आपल्यासारख्या सावळ्या, हार्मोनचा त्रास असलेल्या बायकांमध्ये ते जास्त दिसतं. म्हणून डॉक्टरांनी माझ्या गालावरच्या लवेला हातच लावला नाही, मी मागे लागले तरी.

दुखतं का? हो, दुखतं. एनडी-याग डायोडपेक्षा जास्तच टोचतं. डोळ्यांवर गॉगल, हनुवटीवर गारेगार जेल, आणि प्रत्येक शॉटला तापलेली सुई टेकवून काढल्यासारखं, त्यात केस जळल्याचा वास. ओठाखालच्या हाडावर डोळ्यात पाणी येतं, पण चेहऱ्याचं सिटिंग काही मिनिटांत उरकतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक लाल फुगवटी असते, सकाळी गायब. नंतर आठ-दहा दिवसांनी केस वाढल्यासारखे दिसतात, घाबरू नका, ते मेलेले केस बाहेर ढकलले जात असतात, तोंड पुसताना टॉवेलवर काळे कण दिसतात.

थ्रेडिंग, वॅक्सिंग, प्लकर सगळं बंद ठेवायचं कारण मूळच उपटलं तर लेझर मारणार कशावर? फक्त शेव्हिंग चालतं. माझ्या आईला हे अजिबात पटत नव्हतं, ‘रेझर लावलास तर दाढी येईल बघ’. पण रेझर केस वरून कापतो, टोक बोथट होतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, संख्या वाढत नाही. सनस्क्रीन मात्र रोज, ढगाळ असलं तरी.

घरी वापरायचं आयपीएल मशीन (लेझर नाही, तीव्र प्रकाशाचे फ्लॅश मारणारं) वहिनीकडे आहे. ती गोरी आहे, पायांवर तिला खरंच छान फरक पडला, पण वापर थांबवला की केस परत डोकं वर काढतात. माझ्या हनुवटीला लावलं तर त्याचा स्किन सेन्सर फ्लॅशच मारू देत नाही आणि ते योग्यच आहे, जबरदस्तीने वापरू नका.

आईच्या हनुवटीवर पांढरे केस आहेत, तिच्यासाठी पण विचारलं. डॉक्टर सरळ नाही म्हणाल्या, पांढऱ्या केसात रंगच नाही तर लेझर पकडणार काय, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका मुळात बारीक सुई घालून करंट देतात ते. वेळखाऊ आहे पण आईने तयारी दाखवलीये.

आणि ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी दोन महिने आधी धावपळ करू नका. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या टप्प्यात नसतात, म्हणून चेहऱ्याची सिटिंग चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने घ्यावी लागतात आणि फरक डोळ्यांना दिसायला त्यातली बरीच जातात. मुहूर्ताच्या आठ-दहा महिने आधी सुरू करा, आणि हळदीच्या आठवड्यात नवीन सिटिंग घेऊ नका.