स्टाफला कल्चरल कॉम्पिटन्सी ट्रेनिंग द्यायचंय, पण कुठलं? गडचिरोली-मेळघाटकडच्या हॉस्पिटलसाठी

तुमच्याकडे माडिया, गोंड नाहीतर कोरकू आदिवासी पेशंट येतात आणि स्टाफला कल्चरल कॉम्पिटन्सीचं, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या पेशंटशी समजून वागायचं, ट्रेनिंग द्यायचं ठरलंय, तर समोर साधारण तीन पर्याय असतात: ऑनलाइन कोर्स, बाहेरून कुणाला बोलावून एका दिवसाचं वर्कशॉप, किंवा इथल्याच माणसांकडून वॉर्डात शिकणं.

ऑनलाइनचं पटकन सांगते. स्वस्त पडतं, नाइटवाल्या सिस्टरनाही जमतं, सर्टिफिकेट मिळतं. पण आधी पुजाऱ्याकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, जाऊन मग आपल्याकडे आलेल्या पेशंटशी कसं बोलायचं, हे त्यात मिळणं अवघड.

वर्कशॉपचा फायदा म्हणजे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी सगळे एकत्र बसतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन वगैरेंनी १९७८ मध्ये मांडलेले प्रश्न असतात ना, हा आजार कशामुळे झाला असं वाटतं, कशाची जास्त भीती वाटते, ते रोल-प्ले करून पक्के होतात. पण एका दिवसात बरेचदा यादीच हातात पडते, आदिवासी लाजाळू असतात, उशिरा येतात, आणि मग समोरच्या बाईला कोणी काही विचारतच नाही! मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये कल्चरल ह्युमिलिटी मांडली ती याच काळजीतून, की दुसऱ्याची संस्कृती एकदाची शिकून संपत नसते, स्वतःला तपासत राहावं लागतं.

तिसरा पर्याय मला सगळ्यात पटतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारलं, मोठ्या बिल्डिंगची भीती वाटते, नातेवाईक सोबत राहू द्या असं लोकांनी सांगितलं, म्हणून तिथे झोपड्यांसारखे वॉर्ड झाले आणि नाव दिलं तिथल्या आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. तुम्हाला बिल्डिंग बदलता येणार नाही, पण आशाताई, दाई, बरे होऊन गेलेले पेशंट यांना मानधन देऊन महिन्यातून एकदा सिस्टरांसोबत बसवता येतं, कुठे अपमान वाटला, सीझरला नाही का म्हटलं, घरी कोण ठरवतं, हे त्यांच्या तोंडून ऐकता येतं. याला महिने लागतात, आणि इन्चार्जनी सोबतच्या नातेवाइकांचे नियम खरंच बदलले नाहीत तर लोक बोलायचे थांबतात. बाँडवाले, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करायला आलेले, डॉक्टर वर्षभरात जातात, लोकल सिस्टर-मावशी राहतात, त्यामुळे शिकलेलं टिकतं.

बजेट अगदीच कमी असेल तर वर्कशॉप सोडा, आधी ओपीडी आणि लेबर रूमला माडिया किंवा कोरकू बोलणारं माणूस पगारावर घ्या, सिस्टरांचं शिकणं त्याच्यासोबतच सुरू करा.