मानदुखीची दहा सिटिंग्ज: पैसे कुठे वसूल, कुठे वाया

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, कुठल्याही बाजारात आता फिजिओथेरपीची पाटी दिसते. मान धरली म्हणून आत गेलं की बहुतेक ठिकाणी साचा तोच: दहा सिटिंग्जचं पॅकेज, शेक, करंट, वाटलंच तर वजन, आणि निघताना व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स. हा रिव्ह्यू या पॅकेजचा आहे, कुठल्या एका क्लिनिकचा नाही. निकाल आधीच सांगितलेला बरा. गुण देतो तो झेरॉक्स, अर्थात कुणी शेजारी उभं राहून शिकवला तर. वायरींचा पसारा बघून पेशंट खूश होतो खरा, पण तो भाग बहुतेक वेळा नुसता वेळ काढतो.

पहिल्या सिटिंगला मशीनला हात लागायच्या आधी वीसेक मिनिटं तपासणीत जायला हवीत. मान दोन्ही बाजूंना किती वळते, हे मोजून लिहून ठेवायला हवं. निरोगी तरुण मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते. हातांची ताकद, कोपराजवळचे रिफ्लेक्स, बोटांतला स्पर्श बघायला हवा. मुंग्या अंगठ्याकडे असतील तर मानेतल्या सहाव्या नसेवर संशय, मधल्या बोटात असतील तर सातव्या, करंगळीत असतील तर आठव्या. मान दुखऱ्या बाजूला कलती करून डोक्यावरून हलका दाब दिला आणि कळ हातात उतरली, तर नस दबल्याची शक्यता वाढते. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मानदुखीचे चार गट केले आहेत: हालचाल अडकलेली, झटका बसून ताबा सुटलेली, मानेतून डोकं दुखणारी आणि हातात उतरणारी. चौघांचे उपचार वेगळे. चौघांना एकच पॅकेज लावणारं क्लिनिक इथेच नापास.

एक्स-रे हातात घेऊन ‘मणक्यांमधला गॅप कमी झालाय’ एवढंच सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावं. चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची थोडी झीज मान अजिबात न दुखणाऱ्यांतही सर्रास दिसते. गॅप व्यायामाने वाढत नाही आणि दुखणं थांबायला तो वाढावाही लागत नाही.

आता मशीन. गरम पॅक सरळसाधा आणि सुखाचा. पॅक जवळजवळ ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून निघतो, म्हणून मध्ये टॉवेलचे सहा ते आठ पदर हवेत आणि वेळ १५-२० मिनिटं. पदर कमी पडले की कातडी भाजते, विशेषतः मधुमेहींची, कारण त्यांना चटका उशिरा कळतो. शेकाने स्नायू सैल पडतात ते थोड्या वेळापुरते. त्या वेळात व्यायाम उरकला तर शेक कामी आला, शेकून थेट घरी पाठवलं तर वाया. करंट म्हणजे आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी): मानेवर दोन किंवा चार पॅड, पंधरा मिनिटं मुंग्यांसारखी झिणझिण. दुखणं काही तासांपुरतं दबतं, एवढंच त्याचं काम. अल्ट्रासाऊंडचा, म्हणजे ध्वनिलहरींच्या उपचाराचा, पुरावा त्याहून कच्चा. तरी घेतलाच तर जेल भरपूर हवं आणि मशीनचं डोकं सतत गोल फिरतं हवं. एका जागी धरलं तर हाडाजवळ चटका बसतो. पेसमेकर असेल तर करंट किंवा डायथर्मी (विद्युत लहरींचा खोल शेक) लावून घेण्याआधी ते सांगायचंच. पावसाळ्यात वीज गेली की सगळी सिटिंग पुढे ढकलणारं क्लिनिक आपली पद्धत नकळत सांगून टाकतं: त्यांच्याकडे विजेशिवाय करण्यासारखं काही नाही.

वजन, म्हणजे ट्रॅक्शन, हातात कळ उतरणाऱ्यांसाठी राखून ठेवायची गोष्ट. नुसत्या आखडलेल्या मानेला त्याचा फारसा उपयोग नाही. उताणं झोपवून, मान थोडी पुढे वाकलेली ठेवून, शरीराच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपासून सुरुवात करतात. ६० किलोच्या माणसाला चार ते सहा किलो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. नेहमीची चूक म्हणजे पट्टा हनुवटीवर ओढ देतो. त्याने जबडा दुखतो आणि मान मागे झुकते. ओढ डोक्याच्या मागच्या हाडावर आली पाहिजे. संधिवाताभ म्हणजे रुमॅटॉइडचे पेशंट, हाडं ठिसूळ झालेले आणि मज्जारज्जू दबलेले, यांना वजन नको. दारावर लटकवायची पाण्याच्या पिशवीची किट्स बाजारात मिळतात, ती कुणी शिकवल्याशिवाय वापरू नयेत.

हाताचं काम, म्हणजे सांधे हळूहळू मोकळे करणं, व्यायामाच्या जोडीला चांगलंच. झटक्याने ‘कट्’ आवाज काढणं वेगळं. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून देतात किंवा गावात हाड बसवणारा मान ओढतो, ते करून घेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या याच मणक्यांतून जातात. त्या फाटल्याने पक्षाघात झाल्याची उदाहरणं क्वचित असली, तरी खरी आहेत.

राहिला तो झेरॉक्स. त्यातला पहिला व्यायाम बहुतेकदा हनुवटी आत घेण्याचा असतो आणि दहांतले आठ जण तो चुकीचा करतात. उशीशिवाय उताणं झोपायचं, मान जरा मागे पडत असेल तर डोक्याखाली घडीचा पातळ टॉवेल. आता ‘हो’ म्हणताना डोकं जेवढं हलतं तेवढंच हलवायचं: हनुवटी गळ्याकडे, मानेची मागची बाजू लांब, डोकं गादीवरून उचलायचं नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या टरारून वर आल्या तर काम वरचे स्नायू करतायत, खोलचे झोपलेलेच आहेत. चांगला थेरपिस्ट इथे मानेच्या पोकळीखाली हवेची छोटी पिशवी सरकवतो आणि तिचा दाबाचा काटा २० वर आणतो; घरी बीपीच्या मशीनचा कफ घडी घालून ठेवला तरी चालतं. होकार देत काटा २२ वर न्यायचा, दहा सेकंद तिथेच ठेवायचा, सोडायचा. असे दहा. जमलं की २४, मग २६, शेवटी ३०. लबाडी एकच: डोकं गादीत रेटलं की काटा पटकन वर जातो आणि पेशंटला वाटतं जमलं. काटा थरथरत असेल तर एक पायरी खाली यायचं.

स्ट्रेचिंगमध्ये खांद्यापासून मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जाणारा स्नायू सर्वांत जास्त आखडतो. उजवा ताणायचा तर उजव्या हाताने खुर्चीची कड धरायची, म्हणजे खांदा वर चढणार नाही. तोंड डावीकडे ४५ अंश वळवायचं आणि नाक डाव्या काखेकडे न्यायचं. डावा हात डोक्यावर नुसता ठेवायचा, ओढायचा नाही. हाताचं वजन पुरतं. २०-३० सेकंद, तीनदा, दोन्ही बाजूंना. ताण मानेच्या मागच्या कोपऱ्यात जाणवायला हवा. हातात झिणझिण्या आल्या तर स्नायू नव्हे, नस ताणली जातेय. लगेच सैल सोडायचं. छातीचे स्नायू दाराच्या चौकटीत कोपर टेकवून, एक पाय पुढे टाकून ताणायचे. मान गोल गोल फिरवण्याचा शाळेतला व्यायाम दुखऱ्या मानेला नको.

तिसरा भाग ताकदीचा, आणि तोच पॅकेजमध्ये सर्वांत आधी गळतो. कपाळाला तळवा लावून डोकं पुढे रेटायचं पण हलू द्यायचं नाही, पाच सेकंद, दहा वेळा. मग मागे, मग बाजूंना. जोर सुरुवातीला पूर्ण ताकदीच्या पाव भागापेक्षाही कमी. त्यानंतर रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढायचे, खांद्याची पाती एकमेकींकडे आणि खाली, दहाच्या दोन फेऱ्या. पट्टा आधी पिवळा, मग त्याहून कडक लाल, मग हिरवा. खांदे कानांकडे चढायला लागले की फेरी तिथेच संपली. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळलं तर चालू ठेवायचं. तोपर्यंत नाही निवळलं तर प्रमाण निम्मं करायचं. हातात कळ असणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी: कळ बोटांतून वर सरकत मानेपाशी गोळा होत असेल तर मान जास्त दुखली तरी गाडी रुळावर आहे. मान हलकी वाटतेय पण कळ बोटांपर्यंत उतरतेय, हे वाईट लक्षण.

आपल्याकडच्या मानांच्या काही तक्रारी क्लिनिकने न विचारताच हेरायला हव्यात. दिवसभर स्कूटर किंवा पायलटची, म्हणजे भाड्याची, मोटारसायकल चालवणाऱ्याने आरसे नीट बाहेर काढून लावले तर मान वळवण्याचं काम कमी होतं. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, नारळ किसणाऱ्या बाईने नारळागणिक उठून हनुवटी आत घेण्याच्या चार फेऱ्या कराव्यात. गणपतीच्या वर फळं-भाज्यांची माटोळी बांधणाऱ्याने तर तासभर वर बघत राहण्यापेक्षा उंच स्टुलावर चढून काम डोळ्यांच्या पातळीला आणावं. नारळ काढणाऱ्या पाडेलीला मान वर करू नको म्हणणं हास्यास्पद आहे. त्याला ताकदीचे व्यायाम दुप्पट हवेत.

पॅकेजसोबत मानेचा पट्टा गळ्यात मारला जातो, त्याला रेटिंग सर्वांत कमी. कळ असह्य असेल तेव्हा दोन-चार दिवस, दिवसातून काही तास, एवढंच त्याचं काम. महिनाभर लावला की स्नायू आळशी होतात. पट्टा लावून स्कूटर तर अजिबात नको. मागची गाडी बघायला मानच वळत नाही. उशीवर मात्र खर्च करायला हरकत नाही, पण महागडा फोम आपल्या दमट हवेत तापतो. कुशीवर झोपणाऱ्याची उशी कान ते खांद्याची कड एवढी उंच हवी, उताण्याची त्याहून पातळ. सावरीच्या कापसाच्या उशीत गाठी झाल्या असतील तर ती उसवून पिंजून घ्यावी, नाहीतर टॉवेलची गुंडाळी अभ्र्यात मानेच्या बाजूला सरकवावी.

काही मानदुख्या या पॅकेजच्या नाहीतच. शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चप्पल पायातून निसटायला लागली, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आहे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखतेय, तर आधी डॉक्टर. मानेबरोबर छाती भरून येऊन डावा हात दुखत असेल, किंवा अचानक बोबडी वळली, दोन-दोन दिसायला लागलं, तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात.

पैशांबाबत: दहाचे आगाऊ भरू नका, तीन-तीनचे भरा. चौथ्या वेळी मान पुन्हा मोजायला सांगा आणि पहिल्या दिवशी लिहिलेला आकडा शेजारी ठेवायला सांगा. पाचव्यापर्यंत मशीनची वेळ घटली नसेल, व्यायामाची वाढली नसेल आणि रबरी पट्टा अजून पिवळाच असेल, तर उरलेल्या सिटिंग्ज दुसरीकडे घ्या.