घरी बदललेला सीव्ही बूट: आठ महिने आणि ९ हजार किलोमीटरनंतर

टायर तपासताना पुढच्या चाकाच्या रिमला आतून काळं, चिकट ग्रीस उडालेलं दिसलं. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाला असलेला, चाक वळलं तरी फिरत राहणारा सांधा) बूट, म्हणजे आत ग्रीस धरून ठेवणारं त्याचं घडीदार रबरी आवरण, घडीत फाटला होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली, कट-कट आवाज नाही. म्हणजे जॉइंट शाबूत होता. आवाज येत असता तर बूट बदलण्यात अर्थ नव्हता, तेव्हा आख्खा जॉइंट किंवा शाफ्टच घ्यावा.

आधी आळशीपणा केला. मधून उघडणारा, चिकटवायचा बूट आणला. त्यात शाफ्ट काढावा लागत नाही. तीन आठवड्यांत जोड सुटला. चूक माझीच असावी, कडांना ग्रीसचा हात लागला होता. पण गाडीखाली आडवं पडून दोन्ही कडा कोरड्या ठेवणं कोणाला जमतं, कोण जाणे.

मग अखंड रबरी बूट, ग्रीसची पुडी, दोन क्लॅम्प (बुटाची टोकं आवळणाऱ्या पट्ट्या), सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि नवा नट असा संच घेतला. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, तोही ठोकून दाबलेली कड आधी उचलून. लांब पाइप लावूनही घाम निघाला. पुढे जॅक, स्टँड (नुसत्या जॅकवर भरवसा नको), बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग सस्पेन्शनला जोडणारा सांधा) सोडवणं, नकल (हब धरून ठेवणारा भाग) बाहेर ओढून शाफ्ट हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, काढणं. गिअरबॉक्सकडचं टोक मी हलवलं नाही, त्यामुळे ऑइल सांडलं नाही. मात्र शाफ्ट जोरात ओढला तर आतला जॉइंट निसटू शकतो, तो तारेने बांधून ठेवलेला बरा.

जॉइंट शाफ्टवर सर्क्लिपने अडकलेला असतो. आतल्या रेसवर (छर्रे ज्यावरून फिरतात ती खाचांची कडी) पितळी दांडा टेकवून हातोडी मारायची. 'एका ठोक्यात निघतो' असं ऐकलं होतं. माझा वीस मिनिटांनी निघाला.

खरा वेळ गेला धुण्यात. फाटलेल्या बुटातून बारीक वाळू शिरते आणि ती ग्रीसमध्ये मिसळली की छर्रे आणि त्यांच्या खाचा घासून काढते. पिंजरा (छर्रे जागेवर धरणारी जाळी) तिरका करून सहाही छर्रे एकेक पाहिले, फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुतलं, पूर्ण वाळू दिलं. मग काळं मॉलिब्डेनम ग्रीस आधी जॉइंटमध्ये दाबून भरलं, उरलेलं बुटात. साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही.

आणि मग जॉइंट ठोकून बसवल्यावर लक्षात आलं, छोटा क्लॅम्प बाजूला फडक्यावरच पडलाय. तो बंद कडीचा होता, आधीच शाफ्टवर ओवायला हवा होता. पुन्हा हातोडी, पुन्हा नवी सर्क्लिप. त्या दिवशी मी कोणाशी फारसं बोललो नाही.

क्लॅम्पचा कान, म्हणजे दाबला की पट्टी आवळणारा उंचवटा, मी साध्या पकडीने दाबला. हजारभर किलोमीटरनंतर बारीक टोकाशी ग्रीसचा पुसट शिंतोडा! बूट चांगला होता, क्लॅम्प ढिला होता. कान दाबायची खास पकड उसनी आणली, छोट्या टोकाच्या कडेखाली पेचकस घालून आत कोंडलेली हवा सोडली आणि कान नीट आवळला. हवा राहिली तर बूट फुगतो, कमी पडली तर घड्या आत ओढल्या जातात. एक्सलचा नट मात्र पहिल्याच दिवशी टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणारा पाना) गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार आवळला होता. तिथे अंदाज चालवायचा नाही, चाकाच्या बेअरिंगचं आयुष्य त्यावर असतं.

तेव्हापासून रिम कोरडी आहे. पावसाळाभर खड्डे आणि चिखल झाला, रबराला भेगा नाहीत. तक्रार एकच: संचातले क्लॅम्प पातळ पत्र्याचे आहेत. दुसऱ्या बाजूच्या बुटाला घडीत बारीक चिरा दिसू लागल्यात. या वेळी क्लॅम्प जाड घेतलेत, खास पकड स्वतःची आहे, आणि बंद कडीचा क्लॅम्प आत्ताच बुटाला दोऱ्याने बांधून ठेवलाय.