फील्ड डेटा किट: मे ते डिसेंबर, सात महिन्यांचा अनुभव

हवाई दलात मालवाहू विमानांच्या ग्राउंड साइडला बरीच वर्षं काढली, आता गोव्यात डिचोलीला राहतो. बाहेर जाऊन तळ टाकणाऱ्या टीमनी डेटासाठी काय घ्यावं, त्याची ट्रायल मे पासून आमच्याकडे आहे. किट म्हणजे दोन सिमचा 4जी राउटर, बाहेरचा अँटेना आणि इनमारसॅट कंपनीचं बीगॅन टर्मिनल, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारं यंत्र, बीएसएनएलमार्फत रीतसर परवाना काढून. थुराया, इरिडियम या दुसऱ्या कंपन्यांचे सॅटेलाइट फोन आपल्याकडे चालत नाहीत, आणि विनापरवाना सॅटेलाइट फोन जवळ सापडला तर पोलीस केस होते, म्हणून कागद आधी.

मोपाच्या पठारावर राउटर मस्त चालला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा जुलैत, वाळपईच्या पुढे. रात्रभर वारा, पहाटे लाइट गेली, आणि तासाभरानं दोन्ही सिम एकदम मेली! कंपन्या दोन पण टॉवर एकच, त्याची बॅटरी संपली की दोघांचाही खेळ खलास. दोन सिम म्हणजे दोन रस्ते असं मी धरून चाललो होतो. आता कुठंही गेलो की कुठल्या कंपनीचा टॉवर कुठं हे आधी बघतो, मगच सिम घालतो.

त्या सकाळी बीगॅन उघडलं, कंपास लावून पत्र्याच्या शेडबाहेर ओल्या चिऱ्यावर ठेवलं, टोन ऐकत ऐकत हळूहळू फिरवलं आणि लॉक झालं. धो धो पाऊस होता हो! घरची डिश टीव्ही अशा पावसात बंद पडते कारण ती केयू बँडवर, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीवर, हे एल बँडवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्याला पावसाचा फारसा त्रास नाही. कागदावर 492 केबीपीएस, प्रत्यक्षात कमीच मिळतं, आणि उपग्रह जवळपास 36,000 किमीवर असल्यानं प्रत्येक उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतं. पण आपल्याला पाठवायचं काय असतं? एएन-32 या मालवाहू विमानात साडेसहा टनांच्या आसपास माल, कुठली पेटी कुठं, वजन किती, धोकादायक काय, हा मॅनिफेस्ट काही केबीचा. तो विमानाआधी पोचला तर पुढच्या तळावर माणसं आणि फोर्कलिफ्ट तयार असतात, नाही पोचला तर विमान धावपट्टीशेजारी नुसतं उभं. म्हणून स्पीड बघून किट घेऊ नका असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो.

एक चूक महागात पडली. सॅटेलाइटचं बिल एमबीवर, आणि लॅपटॉपनं गुपचूप त्यावरूनच अपडेट ओढायला सुरुवात केली, लक्षात येईपर्यंत महिन्याचा कोटा गेला. आता फायरवॉलमधून फक्त मेल आणि मॅनिफेस्ट सोडतो, फोटो 4जी आलं की.

अँटेना बारा फुटी पाइपवर चढवल्यावर शेडमधली सिग्नलची एक काडी तीन झाली, हे राउटर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. चार्जिंगचं मात्र अजून जमलेलं नाही, पावसाळ्यात सोलर पॅनेलचा काही उपयोग झाला नाही, जानेवारीत मोठी बॅटरी लावून परत वाळपईलाच जातोय.