आनुवंशिक आजाराचं जनुक शोधायला मायक्रोसॅटेलाइट घ्यावेत की एसएनपी चिप?

आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेलं एक कुटुंब आहे, रक्ताचे नमुने हाताशी आहेत, निधी मात्र बेताचा. संशयित जनुकाची जागा आधीच माहीत असेल तर मायक्रोसॅटेलाइट घ्या, सगळा जीनोम (म्हणजे पूर्ण डीएनए) चाळायचा असेल तर चिप घ्या, असं माझं ठाम मत आहे.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएत सीए-सीए-सीए असा लागोपाठ येणारा मजकूर. कोणाकडे तो 15 वेळा येतो, कोणाकडे 22 वेळा. 1989 मध्ये हा फरक पीसीआरने (डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने) मोजता येऊ लागला आणि 1996 मध्ये फ्रान्सच्या जेनेथॉन संस्थेने अशा 5,264 मार्करांचा (डीएनएतल्या ओळखखुणांचा) नकाशा प्रसिद्ध केला. एकाच जागी अनेक अ‍ॅलील (म्हणजे वेगवेगळी रूपं) मिळतात, ही यांची खरी ताकद. समजा वडिलांचे तुकडे 142 आणि 150 बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) आहेत, आईचे 146 आणि 154. मुलीत 146 आणि 150 दिसले, की कोणाची कोणती प्रत तिच्याकडे आली ते एका मार्करवरच कळतं. एसएनपी म्हणजे डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक, त्यात बहुधा दोनच पर्याय असतात. आईवडील दोघंही एए (दोन्ही प्रतींत ए) निघाले, तर त्या कुटुंबात तो मार्कर काहीच सांगत नाही.

चिप ही उणीव संख्येने भरून काढते. जुन्या पद्धतीत साधारण 10 सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं आनुवंशिक अंतर मोजण्याचं एकक) अंतराने 400 मायक्रोसॅटेलाइट लावत. चिपवर लाखो एसएनपी एकदम वाचून होतात. पण शेजारशेजारचे एसएनपी एकत्रच वारशाने येतात. आईवडिलांचे नमुने नसताना ते सगळे लिंकेजच्या (मार्कर आणि आजार एकत्र वारशाने येतात का ते तपासणाऱ्या) प्रोग्रामला दिले, तर लॉड स्कोअर, म्हणजे त्याच्या पुराव्याचा आकडा, खोटाच फुगतो. 3 च्या वर, म्हणजे भक्कम पुरावा मानतात त्या पातळीवर, गेला म्हणून हुरळून जाऊ नका. आधी मार्कर विरळ करा, मग गणित करा.

मायक्रोसॅटेलाइटचा त्रास वेगळा. पीसीआरमध्ये घसरण होऊन मुख्य शिखराशेजारी छोटी शिखरं उठतात, ती नजरेनेच तपासावी लागतात. शिवाय ते पिढीगणिक हजारात एखाद्या वेळी बदलू शकतात. आईवडिलांत नसलेली लांबी मुलात दिसली तर लगेच पितृत्वावर शंका घेऊ नका, इतर मार्कर बघा.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. अशा घरात अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यावरच होणारा) आजार असेल, तर निःसंशय चिपच घ्या. आते-मामेभावंडांच्या अपत्यात सरासरी 1/16 जीनोमच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. चिपवर हे लांब पट्टे स्पष्ट दिसतात, आणि आजारी भावंडांत सामाईक असलेल्या पट्ट्यात जनुक शोधायचं असतं. पट्टा सापडला, की तिथले चार-पाच मायक्रोसॅटेलाइट उरलेल्या नातेवाइकांत तपासून घ्या. ते स्वस्तात होतं.

एक गोष्ट मात्र चिपला जमत नाही. दर पिढीत आजार लवकर सुरू होत असेल, तर दोष पुनरावृत्तीच्या लांबीतच असू शकतो. हंटिंग्टन आजाराची जागा 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावर सापडली. 1993 मध्ये जनुक हाती आलं, तेव्हा वाढलेली सीएजी पुनरावृत्तीच कारण निघाली. ती लांबी एसएनपी चिप मोजत नाही, तिच्यासाठी वेगळी पीसीआर चाचणी सुरुवातीलाच लावा.